वेलिंग्टनला निघालात? आधी वारा समजून घ्या

भाऊ, जळगावच्या मे महिन्यातली झळ अंगावर घेणाऱ्यालाही वेलिंग्टनचा वारा नवाच वाटेल. न्यूझीलंडच्या दोन मोठ्या बेटांमधली कुक सामुद्रधुनी अरुंद, वारा तिथून दाबून निघतो. छत्री नेऊच नका, उलटी होते. टोपीवालं विंडचीटर आणि आत एक लोकरी थर, बस.

आधी बूट बघा. शेतात वापरलेले असतील तर तळाच्या खाचांतली काळी माती जुन्या टूथब्रशने काढा, बूट वाळवा आणि न्यूझीलंडमध्ये शिरताना भरायच्या डिक्लेरेशनमध्ये (सोबत काय आणलंय त्याच्या घोषणापत्रात) नोंदवा. बिबडे, शेव, लोणचं सगळं लिहायचं. रावेरची केळी घरीच ठेवा. न सांगता नेलेलं सापडलं तर 400 न्यूझीलंड डॉलर दंड, तोही जागेवर.

रोज सकाळी वाऱ्याची दिशा बघूनच बेत ठरवा. दक्षिणेचा असेल तर थंडी आणि लाटा थेट किनाऱ्यावर. त्या दिवशी झीलँडियाच्या दरीत जा. 225 हेक्टरचं कुंपणबंद जंगल आहे, काका नावाचे तिथले पोपट दिसतात. उत्तरेचा असेल तर दक्षिण किनाऱ्यावरच्या ओफिरो बेवरून रेड रॉक्स या लाल खडकांपर्यंत चालत जा. जाऊन-येऊन दोन-तीन तास, वाट खडीची, चहाची टपरी विसरा, पाणी सोबत घ्या. तिथे किनाऱ्यावर सील हे समुद्री प्राणी दिसतात, त्यांच्यापासून 20 मीटर लांब राहा. सील आणि समुद्राच्या मधे तर उभंच राहू नका.

गाडी तिथेही डावीकडूनच चालते. पार्किंग मात्र तोंड वाऱ्याकडे करून, आणि दार हाताने घट्ट धरून उघडा. मागून झोत आला की दार बिजागरीतून वाकतं, भाड्याच्या गाडीचं बिल तुमच्याच माथी.