फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या घरांतल्या मुलींपैकी कोणी नर्स झालं होतं का?

हो, माझी आई. नागपुरातच शिकली आणि 1996 मध्ये मेडिकलमधून, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून, इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाली. सिंधी म्हटलं की लोकांना दुकानच आठवतं, म्हणून तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं.

आई शिकारपूरची. जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगल उसळली आणि राहिलेली हिंदू घरंही निघाली, त्यात हे घर होतं. आई दहा वर्षांची. कराचीहून बोटीने मुंबई, मग कल्याणची छावणी, तिथून एका नातेवाइकाच्या भरवशावर नागपूर, जरीपटका. तिकडे नानांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं, कापडाचं दुकान होतं, इथे ते गठ्ठा खांद्यावर टाकून दारोदार फिरले. नानी पापड लाटायची. आईला सिंधी छान लिहिता यायचं, पण ते अरबी लिपीत, उजवीकडून डावीकडे. इथे तिला लहान पोरांच्या वर्गात बसून क, ख, ग पासून सुरुवात करावी लागली. घरखर्चाचा हिशेब मात्र ती शेवटपर्यंत त्या जुन्या लिपीतच लिहायची. आम्हा भावंडांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

1956 ला ती ट्रेनिंगला लागली. राहणं-जेवण हॉस्टेलला आणि वर स्टायपेंड, हे कारण. स्टायपेंड ती जसाच्या तसा नानीच्या हातात ठेवायची. घराला त्याचा आधार होता, तरी नाना तिच्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाहीत. रात्रपाळी करायची, परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, बेडपॅन उचलायचं; अशा मुलीला बिरादरीत कोण सून करून घेईल, हा त्यांचा घोर.

तिच्या बॅचमध्ये ख्रिश्चन मुली होत्या, एक विधवा होती, एक नवऱ्याने टाकलेली. चांगल्या घरची मुलगी या कामाला जात नाही, असंच तेव्हा सगळे धरून चालायचे. नागपुरात ही वाट पाडली तीही एका बालविधवेने. कमलाताई होस्पेट डफरिनमध्ये, म्हणजे आजच्या डागा दवाखान्यात, नर्सिंग शिकल्या आणि 1921 मध्ये वेणूताई नेने यांच्यासोबत त्यांनी मातृसेवा संघ काढला. 1961 ला त्यांना पद्मश्री मिळाली. आई त्यांचं नाव फार आदराने घ्यायची. माझं मत विचाराल तर या शहराचे दवाखाने अशाच बायकांनी चालवले, ज्यांना आधी कोणी घरात उभं करत नव्हतं.

आईची जिवलग मैत्रीण बॅचमधलीच, इंदोऱ्याची. आम्ही तिला मावशी म्हणतो. जरीपटका आणि इंदोरा एकमेकांना लागून, पण इंदोरा दलितांची वस्ती, नानांच्या घरातलं कोणी तिथे पाऊल टाकत नसे. आई टाकायची. मराठी तिला मावशीनेच शिकवलं, सायकलही. आई ट्रेनिंगला लागली त्याच वर्षी, 1956 ला, 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मावशीचं सगळं घर गेलं होतं. आई ड्युटीवर होती. रस्त्यांवर जिकडे पाहावं तिकडे पांढरे कपडे, असं ती सांगायची. मावशी परत कामावर आली ती मान ताठ करून, आणि तिची ती चाल पाहून आपल्यालाही जोर आला, हे तिने आम्हाला कितीदा तरी ऐकवलंय.

लग्न तिने मराठी माणसाशी केलं. बाबा मेडिकलच्या लॅबमध्ये होते. नाना लग्नाला आले, जेवले नाहीत.

शाळा सुटली की मी बऱ्याचदा तिच्या वॉर्डातच जायचो. तेव्हा डिस्पोजेबल काही नव्हतं. सिरिंज काचेची, ती सुटी करून उकळायची. सुईचं टोक बोथट झालं की दगडावर घासायचं. रबरी हातमोजे धुऊन त्यात पाणी भरायचं, कुठे गळतंय का बघायचं, वाळवायचं, पावडर लावायची, जोड्या लावून ड्रममध्ये रचायच्या. गॉजच्या घड्या ती बोलता बोलता घालायची आणि एकही घडी वाकडी नसायची. मे महिन्यात ऊन लागलेली माणसं यायची, रिक्षावाले, बांधकामावरचे मजूर, अंग तव्यासारखं तापलेलं. ओल्या चादरी, बर्फ, कूलर, आणि दर थोड्या वेळाने थर्मामीटर. कोणी कण्हलं, "सिस्टर, लय दुखून रायलं वो माय," की ती त्याच बोलीत म्हणायची, "थांब बाप्पा, पायतो मी." सिंधी घरातली बाई आहे हे पेशंटला कळायचंसुद्धा नाही.

घरी मात्र थदडी या सिंधी सणाच्या आदल्या रात्री ड्युटी करून आली तरी कोकी, म्हणजे जाड सिंधी पोळी, लाटायला बसायचीच, कारण दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची नसते.

आई आता नाही. मावशी आहे, नव्वदीकडे झुकली आहे, पण तिला त्या बॅचची सगळी नावं पाठ आहेत, कोण कुठून आली आणि कोणाचं पुढे काय झालं तेही. तुम्ही अशा बायकांची माहिती खरंच गोळा करत असाल तर इंदोरा-जरीपटक्यातल्या निवृत्त सिस्टरांकडे लवकर जा. मावशी बोलायला तयार आहे, मी तिला विचारून ठेवलंय. फक्त सकाळी या, दुपारी ती झोपते.