तंत्रप्रश्न: पापडांसाठी ॲप, आचाऱ्यांचे आचार्य आणि तिप्पट एसएमएस

आमचा हळद, मसाले आणि पापडांचा घरगुती व्यवसाय आहे. नेहमीची दोनशेक गिऱ्हाइकं आहेत. ऑर्डरसाठी ॲप करून देण्याचे एकाने दीड लाख सांगितले. करून घ्यावं का? (सांगली)

नको. पापड माणूस वर्षातून तीन-चारदा मागवतो, तेवढ्यासाठी कुणी ॲप उतरवून घेत नाही. घेतलंच तर फोन भरला की पहिलं तेच काढून टाकतो. तुमचं काम प्रोग्रेसिव्ह वेब ॲप, म्हणजे पीडब्ल्यूएमध्ये होईल. ही मुळात वेबसाइटच असते. फोनच्या पडद्यावर तिचं चिन्ह ठेवता येतं, ती ॲपसारखी पूर्ण पडदाभर उघडते आणि रेंज नसली तरी आधी पाहिलेली पानं दाखवू शकते.

करून देणाऱ्याकडून तीन गोष्टी मागून घ्या. पहिली, साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर हवी. दुसरी, मॅनिफेस्ट फाइल. तीत दुकानाचं नाव, रंग आणि १९२ व ५१२ पिक्सेलची चौकोनी चिन्हं असतात. तिसरी, सर्व्हिस वर्कर. ही छोटी स्क्रिप्ट ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसते आणि कोणती गोष्ट फोनमधल्या साठ्यातून द्यायची, कोणती ताजी आणायची, हे ठरवते.

घोळ होतो तो याच तिसऱ्या ठिकाणी. तुम्ही हळदीचा भाव बदलता, पण गिऱ्हाइकाला जुनाच दिसतो आणि वाद तुमच्या फोनवर येतो. कारण असं, की आयते नमुने वापरणारे बरेच जण सगळ्या साइटला ‘आधी साठा, मग नेट’ हाच नियम लावून मोकळे होतात. हा नियम छायाचित्रं आणि फाँट यांनाच ठेवायचा. भाव आणि शिल्लक मालाची यादी मात्र ‘आधी नेट, नाही मिळालं तर साठा’ अशी हवी, आणि साठ्यातला भाव दाखवताना त्यावर तारीख हवी. आणखी एक मेख अशी, की नवा सर्व्हिस वर्कर उतरला तरी जुन्याच्या ताब्यातली सगळी पानं बंद होईपर्यंत तो थांबून राहतो. म्हणून ‘नवी यादी आली आहे, ताजी करा’ अशी पट्टी पानावर दाखवायला सांगा. काम ताब्यात घेताना एक भाव बदला, फोन विमान मोडवर टाका, साइट उघडा, मग नेट चालू करून पुन्हा उघडा. नवा भाव आला नाही तर शेवटचा हप्ता देऊ नका.

अँड्रॉइडवर क्रोमच्या मेनूतून साइट होम स्क्रीनवर ठेवता येते. आयफोन मात्र आपणहून विचारत नाही. सफारीतलं शेअरचं बटण दाबून ‘ॲड टु होम स्क्रीन’ निवडावं लागतं. पापडाच्या पाकिटावर क्यूआर छापणार असाल तर त्याखाली ही ओळही छापा. आयफोनवर सूचना (नोटिफिकेशन) पाठवता येतात, पण आयओएस १६.४ पासून पुढे आणि चिन्ह पडद्यावर ठेवल्यावरच. सूचनांची परवानगी साइट उघडताक्षणी मागू नका. पहिली ऑर्डर झाल्यावर ‘माल निघाला की कळवू का?’ असं बटण दिलं की लोक हो म्हणतात. एकदा नाही म्हणालेल्याकडून पुन्हा हो मिळवणं कठीण असतं, कारण मग ब्राउझर विचारूच देत नाही.

पुढे प्ले स्टोअरवर जावंसं वाटलंच तर हीच साइट वेष्टनात घालून तिथे ठेवता येते. खात्याची नोंदणी एकदाच, २५ डॉलर. नव्या वैयक्तिक खात्याला प्रकाशनाआधी १२ परीक्षक सलग १४ दिवस लागतात, हे वेळापत्रकात धरा.

आमच्या ट्रस्टच्या साइटवर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. ‘आचाऱ्यांना’ लिहिलेलं ‘आचार्यांना’ होतं. डिझायनर म्हणतो, मराठीला वेगळा फाँट नाही. (नाशिक)

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि डिझायनरचं म्हणणं दोन्हींना लागू नाही.

आधी ल आणि श. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची वळणं. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयातही तीच आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना संकेतांक देणाऱ्या जागतिक मानकात, मात्र हिंदी आणि मराठी ल यांचा संकेतांक एकच आहे. कोणतं वळण दाखवायचं हे फाँट ठरवतो, आणि ते ठरवायला त्याला मजकुराची भाषा कळावी लागते. बहुतेक साइटवर पानाची भाषा इंग्रजी नाहीतर हिंदी नोंदवलेली असते, कारण मूळ साचा तसाच येतो. पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषेचा गुणधर्म मराठीचा, म्हणजे ‘एमआर’, करा. फाँट मराठी रूपं असलेला घ्या. नोटो सॅन्स देवनागरीत ती आहेत. पारख सोपी आहे: एकाच पानावर ‘लश’ दोनदा लिहा, एका परिच्छेदाची भाषा हिंदी आणि दुसऱ्याची मराठी करा. फरक दिसला नाही तर फाँटमध्ये रूपं नाहीत, किंवा साइट हलकी करण्यासाठी फाँट छाटताना ती गळली आहेत. डिझायनरला ‘लोकल फॉर्म्स ठेवून छाट’ एवढंच सांगा.

आता आचारी. हा फाँटचा नव्हे, टंकलेखनाचा दोष आहे. ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांतला र वेगळा आहे. दुसऱ्यासाठी नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य असं टंकावं लागतं. इनस्क्रिप्ट कळफलकात इंग्रजी ‘J’च्या कळीवर र आहे आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ऱ. हे न पाळल्यास ट्रस्टच्या जेवणावळीचं मानधन आचार्यांना जातं आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचे दर्या होतात.

जुना मजकूर श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असेल तर तो रूपांतरकातून काढल्यावर ऱ्य, ऱ्ह आणि ॲ-ऑ असलेले शब्द डोळ्यांनी तपासा. नेमके तेच बिघडतात. साइटवर शोधपेटी असेल तर आणखी एक काम आहे. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणूनही टंकता येतं आणि अ वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखीच, संगणकाला दोन वेगळे शब्द. शोधण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणायला सांगा. देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांचंही तसंच.

क्लासच्या पालकांना मराठीत एसएमएस पाठवतो. इंग्रजीत एका संदेशाचे पैसे पडायचे, आता तिप्पट पडतात. फसवणूक आहे का? (जळगाव)

फसवणूक नाही. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. मजकूर त्याहून मोठा झाला की त्याचे तुकडे होतात आणि जोडणीच्या माहितीला जागा लागत असल्याने प्रत्येक तुकड्यात इंग्रजीची १५३, देवनागरीची ६७ एवढीच उरतात. पैसे तुकड्यामागे. शिवाय मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: ‘श्री’ म्हणजे चार, ‘नमस्कार’ म्हणजे सात. १५० चिन्हांचा मराठी संदेश तीन तुकड्यांत जातो, इंग्रजीत तो एकच.

संदेश पूर्ण इंग्रजीत असूनही दर वाढला असेल तर त्यात ₹ हे चिन्ह किंवा वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं शोधा. असं एकही चिन्ह आलं की अख्खा संदेश ७०च्या हिशेबात जातो. मराठी सोडू नका, मजकूर कापा. ‘सन्माननीय पालक, आपणांस कळविण्यात येते की’ यातच निम्मा तुकडा जातो. ‘उद्या, ता. १२, क्लासला सुट्टी.’ पुरतं. मजकूर बदलला की डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएसचे साचे नोंदवतात त्या यंत्रणेवर, नवा साचा मंजूर करून घ्या. नोंदवलेल्या साच्याशी न जुळणारा संदेश अडवला जातो.

ईमेल खातं सारखं पासकी करायला सांगतं. केली आणि फोन हरवला तर? (ठाणे)

करा, पण मागचं दार उघडं ठेवून. पासकी म्हणजे किल्ल्यांची जोडी. एक सेवेकडे जाते, दुसरी तुमच्याकडे राहते आणि बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या लॉकने उघडते. ठसा फोनबाहेर जात नाही. किल्ली त्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असल्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालतच नाही. पासवर्ड किंवा ओटीपी आपण कुठेही टंकून बसतो, फरक तिथे आहे.

गूगल किंवा ॲपलच्या खात्यात पासकी साठवलेली असेल तर नव्या फोनवर ती परत मिळते. तरीही दुसऱ्या उपकरणावर एक पासकी करून ठेवा आणि गूगलचे बॅकअप कोड कागदावर उतरवा. आठ आकडी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. घरात सगळ्यांना लॉक माहीत असलेल्या फोनवर पासकी करू नका. लॉक उघडणारा खात्यातही शिरतो.

फोनमधल्या पासकीने संगणकावर शिरताना तिथला क्यूआर फोनने स्कॅन करूनही लॉगिन होत नसेल तर दोन्हीकडचं ब्लूटूथ तपासा. फोन खरोखर जवळ आहे, याची खातरजमा त्यातून होते. जुन्या डेस्कटॉपला ब्लूटूथ नसतंच आणि लोक तासभर कोडच स्कॅन करत बसतात.

गर्दीत गिऱ्हाईक ‘पेमेंट झालं’चा पडदा दाखवून जातं. साउंडबॉक्स कधी बोलतो, कधी नाही. (दादर)

दुसऱ्याच्या फोनचा पडदा म्हणजे पावती नव्हे. तसं चित्र बनवणारी खोटी ॲपं आहेत. साउंडबॉक्समध्ये स्वतःचं सिम असतं, रेंज गेली की तो गप्प बसतो किंवा उशिरा बोलतो. त्याला काउंटरखालून काढून दाराजवळ ठेवा. तो बोलला नाही तर आपल्या ॲपमधली यादी उघडा आणि गिऱ्हाइकाच्या व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक त्यात आहे का पाहा. रोज दुकान उघडल्यावर आपल्याच क्यूआरवर एक रुपया पाठवून नाव तपासा, कारण त्यावर दुसरा स्टिकर चिकटवायला दोन सेकंद लागतात.