पानांवरच्या उड्या

प्रश्न : ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळ्यांनी जग रचण्याच्या संगणकीय खेळात मी जंगलाचा पार्कूर नकाशा, म्हणजे उड्या मारत पार करायचा मार्ग, रचत आहे. फांद्यांमध्ये किती अंतर ठेवावे? खोड तोडल्यावर पाने नाहीशी होतात, त्यावर उपाय काय?

उत्तर : धावत मारलेल्या उडीने सपाटीवर चार ठोकळ्यांची मोकळी जागा ओलांडता येते, मात्र पुढचा ठोकळा एकाने उंच असेल तर तीनच, म्हणून आरंभी दोन-तीनचे अंतर ठेवून चारची उडी शेवटाकडे राखावी, नाहीतर खेळणारा पहिल्याच झाडाखाली कंटाळतो. उगवलेल्या झाडाची पाने खोडाचा आधार तुटला की झडतात. हाताने लावलेली पाने मात्र खोडाविनाही टिकतात, तेव्हा उडीच्या जागी तीच वापरावीत. वेलींवर चढता येत असल्याने शोभेसाठी सोडलेली वेल नकळत आडवाट ठरते. ठोकळे कोणी फोडू नयेत यासाठी ‘अ‍ॅडव्हेंचर’ मोड लावावा.