चिपवरची प्रयोगशाळा आणि खाडीचे पाणी

प्रश्न : तळहातावर मावणाऱ्या चिपवर पाण्यातील रसायने वेगळी करून ओळखता येतात, असे वाचनात आले. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या नाल्यांचे आणि खाडीचे पाणी अशा उपकरणाने जागच्या जागी तपासता येईल का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाल्याचे बऱ्याच अंशी तपासता येईल, खाडीचे मात्र सहजासहजी नाही.

रसायने वेगळी करण्याचे काम चिपवर चांगले जमते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १९७९ सालीच सिलिकॉनच्या चकतीवर गॅस क्रोमॅटोग्राफ (वायुमिश्रणातील घटक वेगळे करणारे उपकरण) कोरला होता, तर संपूर्ण रासायनिक विश्लेषण एका छोट्या संचात बसवण्याची कल्पना आंद्रेआस मान्झ आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. सुमारे ५० मायक्रोमीटर रुंदीच्या, द्रावणाने भरलेल्या नलिकेच्या टोकांना हजार-दोन हजार व्होल्ट दिले की निरनिराळे आयन (विद्युतभार असलेले कण) आपापल्या वेगाने सरकतात आणि एक-दोन मिनिटांत वेगळे होतात. विद्युतप्रवाह अत्यल्प लागत असल्यामुळे हे काम बॅटरीवर भागते. (चिपच्या छायाचित्रात शेजारची व्होल्टेजची पेटी सहसा दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे.)

अडचण येते ती वेगळे झालेले रसायन ओळखताना. प्रयोगशाळेतील नेहमीच्या पात्रात प्रकाश १० मिलिमीटर द्रावणातून जातो; येथे त्याला ५० मायक्रोमीटरच मिळतात, म्हणजे प्रकाशाचे शोषण दोनशे पटींनी घटते. म्हणून अशा उपकरणांत बहुधा द्रावणाची विद्युतवाहकता मोजतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातील मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तेवढे नायट्रेट या पद्धतीने आरामात कळते. शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम असल्याने तेथे वाहकता पुरी पडत नाही. शिसे आधी इलेक्ट्रोडवर काही मिनिटे साठवून मग विरघळवावे लागते आणि त्या वेळचा प्रवाह मोजावा लागतो.

खाडीच्या पाण्यात गाठ क्लोराइडशी पडते. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे १९ ग्रॅम असते, आणि नायट्रेटचा वेग क्लोराइडच्या वेगाशी इतका जुळतो की त्या प्रचंड संकेताखाली नायट्रेटचा संकेत दबून जातो. नमुना शंभर पट पातळ केला तर नायट्रेटही तितकेच विरळ होते. नायट्रेट अतिनील प्रकाश चांगला शोषते आणि क्लोराइड जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे तो मार्ग खुला आहे. पण त्यासाठी क्वार्ट्‌झची चिप आणि योग्य दिवा लागतो, आणि उपकरणाची किंमत चढते.

नाल्याचा नमुना घ्यायचा झाल्यास तो ओहोटीच्या वेळी, भरतीचे पाणी पोहोचत नाही अशा ठिकाणी घ्यावा, साध्या वाहकता मीटरने त्याचा खारटपणा आधी पाहावा आणि गाळून मगच चिपवर सोडावा, कारण गाळाचा एक कणही ती नलिका बंद करू शकतो.