पीक गेले, नकाशात मात्र हिरवे

प्रश्न: फुलोऱ्यात पावसाने तीन आठवडे ओढ दिली. सोयाबीनच्या शेंगा पोचट राहिल्या, तरी उपग्रहाच्या नकाशात आमचा भाग हिरवाच आहे. दुष्काळ यावरून ठरणार असेल तर आम्ही काय करावे?

उत्तर: उपग्रहाला पाला दिसतो, दाणा दिसत नाही. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते. या दोन्हींच्या वजाबाकीला बेरजेने भागले की एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळीचा निर्देशांक, निघतो. अवरक्त ४० टक्के आणि लाल ५ टक्के परतला, तर आकडा ०.७८. फुलगळ झाली पण पाला टिकला, तर हा आकडा फारसा हलत नाही. वर तण माजले असेल, तर तेही हिरवळीतच जमा होते. तुमच्याकडे बहुधा हेच झाले आहे.

दुसरी अडचण चौकटीची, म्हणजे उपग्रहाच्या चित्रातल्या सर्वांत लहान तुकड्याची. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची एक चौकट १० बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. २० मीटर रुंदीच्या पट्टीत निव्वळ तुमच्या पिकाची चौकट रुंदीला बहुतेक वेळा एकच बसते. कडेच्या चौकटींत बांधावरची झाडे आणि शेजारचा ऊस मिसळतो. अमेरिकी उपग्रहांवरच्या मोडिस या उपकरणाची चौकट २५० मीटरची, सव्वासहा हेक्टरांची. तिच्यावरून एका शेताचा निवाडा करणे चूकच.

आकडा पडला म्हणजे दुष्काळच, असेही नाही. पेरणी उशिरा झाली तरी तो पडतो. म्हणून पेरणीची तारीख लेखी द्या.

नकाशा फक्त पाहणी कुठे करायची ते सांगतो. नुकसान शेतातच मोजावे लागते. त्यासाठी पुरावा आत्ताच, काढणीआधी जमवा. मोबाइलचे लोकेशन सुरू करून बांधापासून १५ मीटर आत (पट्टी अरुंद असेल तर मधोमध) जा, अचूकता ५ मीटरच्या आत येईपर्यंत थांबा. एक फोटो उभ्या पिकाचा घ्या. मग झाड उपटून शेंगा सोला आणि दाणे तळहातावर ठेवून जवळून दुसरा घ्या. असे शेतात चार ठिकाणी करा, तणाच्या जागा टाळू नका. मूळ फाइल जपून ठेवा: व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली ठिकाणाची नोंद निघून जाते.

अर्जात गट क्रमांक, वाण व पेरणीची तारीख लिहा आणि नकाशा कोणत्या तारखेच्या प्रतिमेवरून केला ते विचारा. ढगांमुळे मधल्या प्रतिमा वगळल्या जातात. ओढ बसण्याआधीची प्रतिमा असेल, तर तिच्यात तुमचे नुकसान दिसणारच नाही.