गालावरचा वांग आणि ॲक्युपंक्चरच्या सुया

प्रश्न : डॉक्टरताई, मी सत्तरी तालुक्यात राहते, वय 36. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि ओठाच्या वर तपकिरी डाग आले ते चार वर्षं झाली तरी गेले नाहीत, काजूच्या दिवसांत आम्ही बागायतीत असतो तेव्हा तर जास्तच उठून दिसतात. फार्मसीतून एक क्रीम आणलंय, लावलं की फिके होतात, सोडलं की परत येतात. आता नणंद म्हणते म्हापशाला ॲक्युपंक्चर करून घे, 12 सिटिंगचं पॅकेज आहे. सुया डागातच टोचतात का? खरंच जातो का वांग?

उत्तर : ताई, सुयांपेक्षा मला तुमच्या त्या क्रीमची जास्त काळजी वाटते. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा, मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे, काही आठवडे डॉक्टरच्या नजरेखाली ठीक, पण वर्षानुवर्षं लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, आणि 2018 पासून ही क्रीम्स चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत असा नियम आहे तरी सर्रास मिळतात, याचा मला खरंच राग येतो. अचानक सोडलं तर चेहरा भडकतो म्हणून ट्यूब घेऊनच बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) स्किन ओपीडीत जा.

आता सुया. केसासारख्या बारीक असतात, मुंगी चावल्यासारखं होतं. काही जण डागाच्या कडेने टोचतात आणि शिवाय हातापायांवरही, कारण चिनी वैद्यकात वांगाचं मूळ यकृत, प्लीहा, मूत्रपिंडात धरतात. चीनमध्ये यावर अभ्यास झालेत, काहींत फरक पडला असं म्हटलंय, पण बरेचसे छोटे आणि ढिसाळ आहेत, त्यामुळे वांग जाईलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आणि आपल्या सावळ्या कातडीला जिथे जखम होते, रक्त साकळतं तिथेही काळा डाग राहू शकतो हे लक्षात ठेवा. तरी करायचंच असेल तर 12 सिटिंगचे पैसे एकदम भरू नका, शिक्षण कुठे झालं ते विचारा (2019 मध्ये केंद्राने या पद्धतीला मान्यता दिलीय, पण म्हणून प्रत्येक टोचणारा शिकलेला असतो असं नाही), आणि सुईचं पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला लावा, वापरलेली सुई म्हणजे कावीळ बी आणि एचआयव्हीचा धोका.

आणि ऊन आवरलं नाही तर सुया काय नि क्रीम काय, सगळं वाया. माझ्याकडे एक मासळी विकणारी बाई यायची, तिचा डावा गाल उजव्यापेक्षा स्पष्ट काळा, विचारलं तर सकाळचं ऊन रोज त्याच बाजूने यायचं, मग आधी तिची छत्री आणि बसायची जागा बदलली तेव्हा कुठे औषधाला गुण आला. तुम्ही बागायतीत रुंद काठाची टोपी घाला, एसपीएफ 30 च्या वरचं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या, त्यात आयर्न ऑक्साइड असतं ते साध्या उजेडालाही अडवतं, दोन बोटं भरून लावा, घाम आला की परत लावा, पावसाळ्यातही सोडू नका. चुलीची आणि भट्टीची धगही वांगाला वाईट. आणि हो, माला-डी सारख्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरना सांगा, त्यांनीही वांग वाढतो, कॉपर-टी चालेल का तेही विचारून घ्या.

प्रश्न : मला पाचवा महिना आहे, कपाळावर आणि गालावर वांग आलाय. सुया घेऊ का? — डिचोलीहून एक वाचक

उत्तर : आता नको गो बाय. हातापायांवरचे काही बिंदू गरोदरपणात टोचायचे नाहीत असं ॲक्युपंक्चरवालेच मानतात. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइनची डाग घालवायची क्रीम्सही नकोत. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लाव, टोपी घाल, फारच वाटलं तर अझेलिक ॲसिडचं क्रीम तुझ्या डॉक्टरना विचारून. बऱ्याच जणींचा बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिका होतो, तोवर थांब.