दुखापत घेऊन धावणारे धावपटू थांबत का नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे की ऑलिम्पिकच्या पातळीवरचे लांब पल्ल्याचे धावपटू पाय दुखावलेला असताना, प्रसंगी हाडाला तडा गेलेला असताना शर्यतीत का उतरतात, आणि भोवती डॉक्टर, फिजिओ, प्रशिक्षक असे सगळे असूनही त्यांना कोणी थांबवत का नाही. शेवटी तुम्ही लिहिले आहे की तुमची सतरा वर्षांची पुतणी ३००० मीटर धावते, तिची नडगी दीड महिन्यापासून दुखते आहे, आणि पुढच्या महिन्यातल्या राज्य स्पर्धेत धावू नकोस म्हटले की ती याच मोठ्या धावपटूंची नावे तुमच्यापुढे ठेवते. मी विद्यापीठाकडून ५००० आणि १०,००० मीटर धावलो आहे, दुखापत घेऊनही धावलो आहे, आणि गेली काही वर्षे जिल्ह्याच्या मैदानावर मुलामुलींचा सराव घेतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॅरेथॉनचा अव्वल धावपटू तयारीच्या काळात आठवड्याला १६० ते २०० किलोमीटर धावतो. एवढ्या धावण्यात पोटरी, घोटा, टाच, मांडीचा मागचा स्नायू यांपैकी काहीच दुखत नाही असा दिवस त्याच्या वाट्याला क्वचितच येतो. दुखणे सोसून पुढे जायला तो वर्षानुवर्षे शिकलेला असतो, त्यामुळे सोसायचे दुखणे कोणते आणि ज्यापुढे थांबायचे ते कोणते, हे त्याचे त्यालाही नीट सांगता येत नाही. स्ट्रेस फ्रॅक्चर असेच नकळत वाढते. हाड रोज थोडे झिजते आणि थोडे भरून निघते. भार वाढत गेला आणि विश्रांती किंवा आहार अपुरा पडला की झीज पुढे जाते, भरणी मागे राहते आणि बारीक तडा पडतो. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये तो बहुतेक वेळा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. म्हणजे ज्या दिवसांत थांबले तर लवकर बरे होता येईल, नेमक्या त्याच दिवसांत धावपटूच्या हाती हाड ठीक असल्याचे सांगणारी फिल्म असते, आणि शर्यत तोंडावर आलेल्या माणसाला तेवढा आधार पुरतो.

दुखापत स्पष्ट कळल्यावरही उतरणारे आहेतच. त्यांत मला ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफची कहाणी सर्वांत बोलकी वाटते. २००३ मध्ये लंडनला तिने २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन धावून जागतिक विक्रम केला, आणि पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिम्पिकचे सुवर्णपदक तिचेच असे तिच्या देशाने गृहीत धरले. स्पर्धेच्या साधारण दोन आठवडे आधी तिचा पाय दुखावला. सूज उतरवण्यासाठी घेतलेल्या औषधांनी पोट बिघडले आणि खाल्लेले अंगी लागेना. २२ ऑगस्ट २००४ च्या संध्याकाळी, कडक उन्हाळ्यात, ती तरीही धावली आणि सुमारे ३६ किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला बसून रडू लागली. ते छायाचित्र जगभर गेले. जिने स्वतःला अखेरपर्यंत पिळून घेतले होते, तिने मैदान सोडले अशी टीका तिच्याच देशात झाली. पाच दिवसांनी ती १०,००० मीटरच्या शर्यतीत उभी राहिली आणि आठ फेऱ्या बाकी असताना तिथूनही बाहेर पडली. त्या दुसऱ्या शर्यतीचे कारण मला शरीरात कुठेच सापडत नाही. पाच दिवसांत पाय आणि पोट बरे होत नाहीत. भरून काढायची होती ती पहिल्या शर्यतीची नामुष्की. २००८ मध्ये बीजिंगच्या आधी तिच्या मांडीच्या हाडात स्ट्रेस फ्रॅक्चर निघाले. ती धावली, वाटेत थांबून पाय ताणला, आणि २३ वी आली. मॅरेथॉनचा धावपटू वर्षाला साधारण दोनच मॅरेथॉन धावतो आणि ऑलिम्पिक चार वर्षांनी येते. चौतीस वर्षांच्या धावपटूला पुढच्या वेळी पाहू असे सांगणे किती पोकळ आहे, हे सांगणाऱ्यालाही कळत असते.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेच्या जोन बेनॉइटचे आहे, आणि माझ्या मते त्याने पुष्कळांना चुकीच्या वाटेवर नेले. १९८४ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सतराव्या दिवशी ती ऑलिम्पिक निवड चाचणीची मॅरेथॉन धावली आणि जिंकली. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला महिलांच्या पहिल्या ऑलिम्पिक मॅरेथॉनचे सुवर्णही तिनेच घेतले. ती जिंकली हे सगळ्यांच्या लक्षात राहिले. त्या दिवशी ती धावलीच का, हे मागे पडले. अमेरिकेत चाचणीच्या दिवशी पहिल्या तिघींत येणाऱ्याच ऑलिम्पिकला जातात, मग आधीची कामगिरी कितीही मोठी असो. तिच्यापुढे चाचणीला उभे राहणे किंवा घरी बसणे एवढे दोनच मार्ग त्या नियमाने ठेवले होते.

पैशाचा भाग लवकर सांगतो. लांब पल्ल्याच्या धावपटूला पगार देणारा संघ सहसा नसतो. त्याची मिळकत बुटांच्या कंपनीशी केलेला करार, शर्यतीत उतरण्याचे मानधन आणि बक्षिसे यांतून येते, आणि तो उतरला नाही तर ती आटते. अमेरिकेची धावपटू कारा गाउचर हिने २०१९ मध्ये उघडपणे सांगितले की बाळंतपणात ती शर्यतीत उतरू शकत नव्हती, तोवर नायकीने तिचे पैसे थांबवले होते, म्हणून तिने प्रसूतीनंतर तीन महिन्यांवरची हाफ मॅरेथॉन ठरवून टाकली, आणि त्या काळात तिचे बाळ गंभीर आजारी असतानाही तिला सराव सोडता आला नाही. तिच्यासह इतर धावपटूंनी आवाज उठवल्यावर कंपनीने गरोदरपणापुरते नियम बदलले. पोटरी फाटलेल्या किंवा हाडाला तडा गेलेल्या धावपटूसाठी असा आवाज उठलेला मी ऐकलेला नाही.

देशाचे आणि संघाचे ओझे पैशापेक्षाही जड असते. १९६८ च्या मेक्सिको सिटी मॅरेथॉनमध्ये टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी पडला, त्याचा गुडघा निखळला, आणि विजेत्यानंतर तासाभराहून अधिक वेळाने, अंधारात, पट्टी बांधलेल्या पायाने तो शेवटचा पोहोचला. देशाने आपल्याला इतक्या दुरून शर्यत सुरू करायला नव्हे, पूर्ण करायला पाठवले आहे, असे तो म्हणाला. तुमच्या पुतणीने हे वाक्य नक्कीच वाचलेले असणार. मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे, पण ते वाक्य सावकाश वाचले तर त्यात देशाचे देणे फेडायला निघालेला माणूस दिसतो. त्याच शर्यतीत १९६० आणि १९६४ चा विजेता, इथिओपियाचा अबेबे बिकिला, पाय दुखावलेल्या अवस्थेत धावत होता आणि सुमारे सतरा किलोमीटरवर बाहेर पडला. सुवर्ण त्याचाच देशबांधव मामो वोल्डेने जिंकले. बिकिलाच्या थांबण्याचे पोस्टर मी कुठल्याही मैदानाच्या भिंतीवर पाहिलेले नाही.

जपानमध्ये हे ओझे फार ठळक दिसते. कोकिची त्सुबुराया हा त्यांच्या संरक्षण दलातला जवान १९६४ च्या टोकियो मॅरेथॉनमध्ये स्टेडियमात दुसरा शिरला आणि हजारो देशवासीयांच्या डोळ्यांदेखत ब्रिटनच्या बेसिल हीटलीने त्याला मागे टाकले. त्याला कांस्य मिळाले. त्या ऑलिम्पिकमधले अ‍ॅथलेटिक्समधले जपानचे ते एकमेव पदक होते. तरीही त्याला ती देशाची फसगत वाटली आणि मेक्सिकोत ती भरून काढायचे त्याने ठरवले. पुढे कंबरेचे दुखणे मागे लागले, शस्त्रक्रिया झाली, आणि शरीर पूर्वीसारखे साथ देईना. जानेवारी १९६८ मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना, त्याने आयुष्य संपवले. आई-वडील आणि भावंडांनी प्रेमाने खाऊ घातलेल्या एकेका पदार्थाची आठवण काढून, कोकिची आता पुरता थकला आहे, धावू शकत नाही, असे त्याने लिहून ठेवले होते. ही हकिगत जेव्हा जेव्हा मी आठवतो, तेव्हा वाटते की तू थांबलास तरी आमचाच आहेस हे त्याला कोणीतरी वेळेवर आणि पुन्हापुन्हा सांगायला हवे होते.

पन्नास वर्षांनंतर, ऑक्टोबर २०१८ मध्ये, फुकुओकाजवळ महिलांच्या एकिदेन या साखळी शर्यतीत रेई इइदा या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या नडगीचे हाड मोडले. एकिदेनमध्ये धावपटू खांद्यावरचा तासुकी नावाचा पट्टा पुढच्या सहकाऱ्याला देतो; तो पोहोचला नाही तर सगळा संघ बाद. ती शेवटचे दोन-तीनशे मीटर हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत गेली, गुडघे रक्ताळले, आणि तिने पट्टा दिला. तिच्या प्रशिक्षकाने तिला थांबवण्यास सांगितले होते, पण तो निरोप रस्त्यावरच्या पंचापर्यंत पोहोचेतो ती अगदी जवळ आली होती. तुम्ही विचारता की कोणी थांबवत का नाही. इथे थांबवणारा होता, तरी ते घडले, कारण ज्याच्या हातात थांबवणे होते तो आणि तिच्या शेजारी चालणारा पंच ही दोन वेगळी माणसे होती.

एरवी मात्र थांबवू शकणाऱ्या प्रत्येकाचे काहीतरी त्या धावण्यात गुंतलेले असते. संघाचा डॉक्टर महासंघाने नेमलेला, फिजिओ प्रशिक्षकाने आणलेला, प्रशिक्षकाची पुढची नेमणूक पदकांवर ठरणारी. यांपैकी कोणी वाईट असतो असे मुळीच नाही. माझ्याच बाबतीत सांगतो. महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षाला आंतरविद्यापीठ स्पर्धेआधी माझी नडगी महिनाभर दुखत होती. पदक मिळाले असते तर शासकीय नोकरीतल्या खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणाकडे जाण्याची वाट उघडली असती, आणि घरी सगळे त्या वाटेकडे डोळे लावून होते. मला कोणीही जबरदस्ती केली नाही. आदल्या संध्याकाळी सरांनी पाठीवर हात ठेवून फक्त विचारले, ‘जमेल ना?’ त्या प्रश्नाला ‘हो’ शिवाय दुसरे उत्तर नसते. मी वेदनाशामक गोळी घेऊन १०,००० मीटरला उतरलो, पंचवीसपैकी अठरा फेऱ्या बऱ्यापैकी धावलो, आणि उरलेल्या सात फेऱ्यांत दर पावलाला हाडात खिळा गेल्यासारखे वाटत होते. पाचवा आलो. पदक नाही, पुढचे पाच महिने धावणे नाही, आणि माझी पूर्वीची वेळ मला पुन्हा कधी देता आली नाही. गोळीने हाड सांधत नाही, ते सांगत असलेली गोष्ट तेवढी ऐकू येईनाशी होते, हे मला त्या शर्यतीने शिकवले.

थांबून काय मिळते याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे, आणि ते तुमच्या पुतणीला जरूर सांगा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घोट्याच्या दुखापतीमुळे २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांना मुकला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्याने ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि पुढच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये हांगझोऊला, सुवर्ण जिंकले.

आता तिच्या नडगीबद्दल. मी डॉक्टर नाही, पण दीड महिना टिकलेले दुखणे मी माझ्या मैदानावर शिन स्प्लिंट (जास्त धावण्याने होणारे नडगीचे नेहमीचे दुखणे) म्हणून सोडून देत नाही. नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी ठणकते का, त्या पायावर उडी मारताना दुखते का, आणि रात्री झोपेत दुखते का, हे तिला विचारा. यांपैकी काहीही असेल तर धावणे आजच थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या, आणि एक्स-रे चांगला आला तरी एमआरआयबद्दल आवर्जून विचारा. तिच्या आईने किंवा काकूने तिची मासिक पाळी नियमित आहे का आणि ती पोटभर जेवते का, हेही शांतपणे विचारावे. अमेरिकेची मेरी केन सतरा वर्षांची असताना जागतिक स्पर्धेच्या १५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत पोहोचली होती. पुढे वजन घटवण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षे बंद राहिली आणि पाच हाडे मोडली, असे तिने स्वतः २०१९ मध्ये सांगितले. त्या वयातली हाडे अजून भरत असतात.

आणि एक काम तुम्ही स्वतः करा. तिच्या प्रशिक्षकांना भेटून, तिच्यासमोर, सांगा की डॉक्टरांचा निर्णय येईपर्यंत घरच्यांनी तिचे धावणे थांबवले आहे. सतरा वर्षांच्या मुलीला ‘जमेल ना?’ या प्रश्नाला स्वतःच्या तोंडाने ‘नाही’ म्हणावे लागू नये. तुमच्यावर ती दोन-चार दिवस रागावेल. रागावू द्या.